ज्याचा हात, त्याची सही

“बाई, तुमची सही चालती का?”

मी नुकतंच दार उघडलं होतं. केस ओले, हातात खरकटं ताट आणि उंबऱ्याबाहेर चाळिशीची एक बाई, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. आमच्या ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर आधी ‘सलाम’ म्हणतात. हिनं तेही म्हटलं नाही.

“कशावर चालायची?” मी विचारलं.

“लग्नाच्या कागदावर. सरकारात.”

“चालते.”

“नीट सांगा. तुमी बाई हायेत. नव्या हायेत. उद्या कुनी म्हनलं, बाईची सही आमी धरत न्हाई, तर?”

दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं तर मी फाडकन काहीतरी बोलले असते. धामणखेड्याच्या मंडळीत पाळक म्हणून येऊन मला तीन महिने झाले होते आणि तेवढ्या काळात प्रत्येकानं आपापल्या परीनं मला हाच प्रश्न विचारून घेतला होता. पण ते विचारायचे मला खिजवायला. ही बाई खरंच विचारत होती. मी तिला आत घेतलं, भिंतीवरचा दीक्षेचा कागद फ्रेमसकट खाली काढला आणि बिशपसाहेबांची सही दाखवली. तिला वाचता येत होतं. एकेका शब्दावर बोट ठेवत तिनं सगळा कागद वाचला. नोट खरी की खोटी बघतात तसा शिक्का उजेडाकडे धरून बघितला.

“मंग माज्या पोरीचं लगीन तुमीच लावायचं,” असं म्हणाली आणि तेव्हा कुठे बसली.

तिचं नाव सगुणाबाई. गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. रविवारीही सुट्टी नसल्यामुळे उपासनेत ती मला कधी दिसली नव्हती. एकुलती मुलगी एस्तेर, नर्सिंग शिकून तालुक्याच्या दवाखान्यात लागलेली. नवरा मुलगा विल्सन, शहरात एका कंपनीत फिटर. त्याचे वडील लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवला. हे चुलते म्हणजे आमच्या मंडळीचे मुख्य पंच, कसोटे आबा. पोरांनी एकमेकांना आधी पसंत केलं होतं, मोठ्यांनी नंतर मान डोलावली होती.

चहा पिता पिता तिनं स्वतःचं सांगितलं.

“माजं बी लगीन चर्चमदीच झालं, बाई. फुलं, अंगठी, समदं. पाळकसाहेब तापानं पडले म्हनून आले न्हाईत. वऱ्हाड दारात येऊन उभं. मंग तिथल्या उपदेशक मास्तरानं लावलं. मानूस चांगला व्हता, पर त्याला अधिकार नव्हता. रजिस्टर पाळकसाहेबाच्या कपाटात. मास्तरानं शाळेच्या वहीत लिवून घेतलं. दोन वर्सांनी मालक गेले, साखर कारखान्यात, पट्ट्यात सापडून. एस्तेर सा म्हयन्यांची. दीर कारखान्यात जाऊन म्हनले, ह्या बाईचं आमच्या भावाशी लगीनच झालं न्हाई, झालं असंल तर कागद दावा. कुठला दावू? मालकाच्या जागी दीर लागला. घरातनं मला काढली. म्हनले, तू हायेस कोन?”

हे सांगताना ती रडली नाही. बशीतला चहा संपवला, बशी पुसल्यासारखी स्वच्छ झाली होती.

“म्हनून इचारलं, सही चालती का,” ती म्हणाली. “पोरीचं तसं व्हायला नगं. बाकी मला काय बी नगं.”

मी कपबश्या उचलल्या. त्या वेळी मी तिला आणखी काही विचारायला हवं होतं, निदान काही सांगायला तरी हवं होतं. मी ते केलं नाही. तारीख लिहून घेतली आणि तिला दारापर्यंत सोडायला गेले.

आता थोडं माझं सांगते. पाळक होण्याआधी मी बारा वर्षं शाळेत शिकवत होते. सदतिसाव्या वर्षी दीक्षेसाठी अर्ज केला. दीक्षेआधी एका मंडळापुढे बसवतात. सात पुरुष, एक पंखा, मधे टेबल. “भगिनी, आपल्याला पाळक का व्हायचं आहे?” असं विचारतात. माझ्याआधीचे सगळे सेवा, पाचारण, कळप असं काय काय छान बोलून आले होते. मी म्हटलं, “सही करता यावी म्हणून.” ते हसले. एक वयस्कर पाळक म्हणाले, “सही तर मास्तरीणबाई म्हणूनही करताच की.” मी म्हटलं, “ती हजेरीपटावर. मला लग्नाच्या रजिस्टरात करायची आहे.” त्यांना मी उद्धट वाटले, आणि होतेच. दोनदा त्यांनी मला परत पाठवलं. तिसऱ्यांदा, बहुतेक कंटाळून, हो म्हणाले.

दीक्षा झाल्यावर मला धामणखेडं दिलं. जिथे कोणी जायला तयार नसतं ती मंडळी बाईला देतात. मला काय म्हणायचं हाच लोकांना पहिला पेच. ‘पाळकबाई’ म्हणजे आमच्यात पाळकाची बायको. मग माझे यजमान कोण? ते बिचारे शेजारच्या गावात हायस्कूलला गणित शिकवायचे. शेवटी सगळ्यांनी नुसतं ‘बाई’ म्हणायचं ठरवलं. शाळेतही तेच होते, त्यामुळे मला नवीन काही वाटलं नाही.

कसोटे आबा सत्तरीचे. चर्चची भिंत त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं बांधलेली. मी राहायला आले तेव्हा माझ्या स्वयंपाकघराचे पत्रे स्वतः वर चढून बसवून दिले. मनानं वाईट नव्हते. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजनाची भाकर वाटायला लागले की आबांना नेमकी खोकल्याची उबळ यायची आणि ते बाहेर जायचे. तिन्ही महिने न चुकता.

तीन रविवार मी उपासनेत एस्तेरचं आणि विल्सनचं नाव पुकारलं. या लग्नाला कोणाची हरकत असेल तर सांगा, असं तीनदा विचारलं. आबा पहिल्या बाकावर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, जमलं. तिथेच मी फसले.

लग्न शनिवारी चारचं होतं. आमच्या विवाहाच्या कायद्यात वेळेची अट आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, या वेळातच लग्न लावायचं. सात वाजले की पाळकानं हात आवरायचा. हे मी दोन्हीकडच्यांना बजावून ठेवलं होतं.

वऱ्हाड सव्वापाचला आलं. वेळेवर येणं हे आपल्याकडे वऱ्हाडालाच कमीपणाचं वाटतं, त्यामुळे मी चिडले नाही. वेदीमागच्या लहान खोलीत पांढरा झगा घालून, रजिस्टर मांडीवर घेऊन मी बसले होते. खिडकीतून बघितलं तर पहिल्या जीपमधून आबा उतरले आणि त्यांच्यामागून पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ. त्यांच्या मागून दोन पोरं, हातात कीबोर्ड आणि माईकचं स्टँड.

त्यांना मी ओळखलं. ब्रदर विजयानंद. मैदानात मांडव घालून मोठमोठ्या सभा घ्यायचे. त्यांचा आवाज ऐकून मागच्या रांगेतल्या बाईची डोकेदुखी थांबते, असं लोक सांगायचे. माझी त्या क्षणी सुरू झाली.

आबा त्यांना घेऊन सरळ खोलीत आले आणि दार ओढून घेतलं.

“बाई, येक सोय केलीया,” आबा म्हणाले. “ब्रदर मुद्दाम आलेत. शपथा ते देतील, आशीर्वाद बी तेच देतील. तुमी फकस्त रजिस्टर लिवा आन् सही करा. तुमचा बी मान राहिला, आमचा बी राहिला.”

मी ब्रदरकडे वळले. “ब्रदर, तुमची दीक्षा कोणत्या साली झाली?”

ते हसले. “भगिनी, मला प्रभूनं थेट अभिषेक केला. माणसांच्या दीक्षेची गरज वाटली नाही.”

“प्रभूला वाटली नसेल. सरकारला वाटते.”

“मी आजवर दीडशे लग्नं लावलीत.”

“त्यातल्या किती जणींच्या हातात कागद आहे?”

ब्रदर आबांकडे बघायला लागले. हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारलेला नसावा.

“म्हनून तर तुमची सही घेतोय ना,” आबा म्हणाले. “कायदा बी झाला आन् पुरुषाचा हात बी लागला. त्यात तुमचं काय जातंय?”

“आबा, रजिस्टरात काय छापलंय ते वाचू का? ‘हा विवाह माझ्या हस्ते लावण्यात आला.’ माझ्या हस्ते. लावला ब्रदरनी आणि खाली सही माझी, म्हणजे ती खोटी सही. मी तसली करत नाही. ज्याचा हात, त्याची सही.”

“कोन तपासाया येतंय?”

हे तीन शब्द मी आधी एकदा ऐकले होते, दुसऱ्याच्या तोंडून. माझं डोकं असं भडकलं की मी रजिस्टर मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

“तुम्ही वाटेल ते म्हणा,” मी म्हटलं. “सही मिळणार नाही.”

आबांचा आवाज चढला नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हता. “बाई, आमच्या पावन्यारावळ्यात आजवर कुनी बाईच्या हातचा आशीर्वाद घेतलेला न्हाई. पोराला जलमभर चिडवतील. बिनबापाचं पोर हाय. त्याचा इचार मला करायचाय.”

“तीन रविवार मी विचारत होते, हरकत आहे का म्हणून.”

“हरकत लग्नाला न्हाईच. तुमाला हाय.”

निदान खरं बोलले. त्याबद्दल मला त्यांचा रागसुद्धा आला नाही.

तेवढ्यात दार ढकलून सगुणाबाई आत आली. तिला बाहेर कोणीतरी सांगितलं असणार. नवं लुगडं, केसात अबोली, आणि चेहरा उतरलेला. तिनं ब्रदरकडे बघितलं नाही, आबांकडेही नाही. मला म्हणाली, “सही तुमचीच ऱ्हानार ना, बाई?”

“सही माझी आणि लग्न ह्यांचं, असं म्हणतायत.”

“पर सही तुमचीच?”

“हो.”

“मंग बास की. कशाला तानता?”

आबांशी मी रात्रभर भांडले असते. पण हिच्याशी मला भांडता येईना. तिच्या दृष्टीनं ती बरोबरच होती. तिला वीस वर्षं एकच गोष्ट नडली होती, सही. ती आता मिळत होती आणि मीच आडवी येत होते.

“सगुणाबाई, ऐका,” मी म्हटलं. “बाहेर दोनशे माणसं आहेत. व्हिडिओवालाही आहे. उद्या काही वाकडं झालं आणि कोणी विचारलं, लग्न कोणी लावलं, तर सगळे सांगतील ब्रदरनी लावलं. व्हिडिओतही तेच दिसेल. मग माझी सही कुठे टिकते? कागद असूनही तो कागद खोटा ठरेल. तुमच्याकडे कागद नव्हता. हिच्याकडे खोटा असेल. काय फरक?”

तिनं दाराबाहेर वऱ्हाडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “आन् वऱ्हाड फिरलं तर?”

याचं उत्तर आबांनी दिलं. “साडेसापर्यंत इचार करा,” ते म्हणाले. “न्हाई तर मी गाड्या फिरवतो.” ब्रदरना घेऊन ते बाहेर गेले. सगुणाबाई त्यांच्या मागून गेली, माझ्याकडे न बघता.

मी एकटी उरले. घड्याळात पावणेसहा. बाहेर ब्रदरच्या पोरांनी कीबोर्ड लावला आणि गाणी सुरू झाली. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. पाळक म्हणून मी लावायचं हे पहिलंच लग्न होतं. एका मुलीच्या अंगाला लागलेली हळद माझ्या हट्टापायी वाया जाणार होती. वऱ्हाड परत गेलं तर बाईला पाळक करून काय होतं ते बघा, असं सगळा जिल्हा म्हणणार होता आणि त्या सात जणांना पुढच्या बाईचा अर्ज फाडायला निमित्त मिळणार होतं. एक सही करायची आणि मोकळं व्हायचं. किती सोपं होतं. खिशातलं पेन मी दोनदा बाहेर काढलं.

सहा पंचवीसला मी उठले, रजिस्टर काखेत घेतलं आणि बाहेर जाऊन वेदीसमोर उभी राहिले. ब्रदरच्या पोरानं गाणं अर्ध्यात थांबवलं. पहिल्या बाकावर एका बाजूला आबा आणि सुटाबुटात घामाघूम झालेला विल्सन. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साडीतली एस्तेर आणि तिची आई.

“आबांनी मला साडेसहाची मुदत दिलीय,” मी म्हटलं. “माझं उत्तर सगळ्यांसमोर देते. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. पाच मिनिटं लागतील.”

कोणीतरी मागे हसलं. मी थांबले नाही.

“मी पंधरा वर्षांची असताना आमच्या गावात एक लग्न झालं. भोकरटाकळीत. पाळकसाहेब आजारी पडले आणि वऱ्हाड दारात आलं. माझे वडील तिथे उपदेशक होते. लूक मास्तर.”

नाव ऐकल्यावर बाकांवर कुजबुज झाली. त्या भागातल्या जुन्या माणसांनी माझ्या वडिलांच्या हाताखाली मुळाक्षरं गिरवली होती. मी लग्नानंतर रणनवरे झाले. त्यामुळे मी कोणाची, हे धामणखेड्यात कोणाला माहीत नव्हतं आणि मी ते माहीत होऊ दिलं नव्हतं. आबा पुढे वाकून माझ्याकडे बघायला लागले.

“माझी आई त्यांना म्हणाली, अहो, तुम्हाला अधिकार नाही. ते म्हणाले, कोण तपासायला येतंय? आबा, हेच तीन शब्द. त्यांनी लग्न लावलं. शाळेच्या वहीत नोंद केली. सगळं गाव जेवलं आणि मास्तरांनी वेळ निभावली म्हणून त्यांच्या गळ्यात हार घातला. दोन वर्षांनी नवरा अपघातात गेला आणि तपासायला आले. कारखान्याचा माणूस आमच्या ओसरीवर बसला होता. वडिलांनी त्याला वही दाखवली. म्हणाले, देवाच्या दरबारात हे लग्न झालेलं आहे. तो माणूस म्हणाला, मास्तर, मला देवाच्या दरबारातून पाठवलेलं नाही.”

कोणी हसलं नाही.

“माझे वडील वाईट नव्हते. त्यांनी पैसा घेतला नाही, कोणाला फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं. लोकांची अडचण बघवली नाही आणि थोडा मान मिळाला. एवढंच. पण त्यापायी एक बाई कडेवर पोर घेऊन रस्त्यावर आली. मरेपर्यंत ते तिचं नाव काढत नव्हते. मी पाळक झाले ती ह्यासाठी. दुसरं कुठलंही पाचारण मला झालेलं नाही. ती बाई त्या बाकावर बसली आहे आणि ही तिची मुलगी आहे. सगुणाबाई, तुमचं लग्न ज्यानं लावलं तो माझा बाप. तुम्ही घरी आलात त्या दिवशी मी हे सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही.”

 

सगुणाबाई उठली. “मला ठावं हाय,” ती म्हणाली.

मला ऐकू आलं ते खरं वाटेना.

“दार उघाडलंस त्याच दिशी वळखलं. नाक बापाचंच हाय तुजं. माज्या लग्नात परकर-पोलक्यात बसून झेंडूच्या माळा तूच ववल्या व्हत्यास. सत्वशीला.”

आल्यापासून त्या गावात कोणी मला नावानं हाक मारली नव्हती.

“मग तुम्ही माझ्याकडे आलात कशाला?”

“तुज्या घरानं मोडलं, तुज्याच घरानं बांधावं म्हनून.” तिनं पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि आबांकडे वळली. “आबा, मगाशी मीच म्हनले सही झाली की बास. चुकले. मला उमगलं न्हवतं. आता उमगलं. तुमाला गाड्या फिरवायच्या तर फिरवा. वीस वर्सं मी लोकांच्या पोरींना भाकरी थापून घातल्या, हिलाबी घालीन. माजी पोर कागदाबिगर जानार न्हाई, आन् खोट्या कागदावर तर न्हाईच न्हाई.”

आबा बसून राहिले. त्यांच्या हातात टोपी होती, ती ते नुसती फिरवत होते.

एस्तेर इतका वेळ खाली बघत होती. तिनं मान वर केली आणि विल्सनला म्हणाली, “तू कुठं उभा राहणार आहेस तेवढं सांग. बाकीचं माझं मी बघते.”

विल्सननं चुलत्याकडे बघितलं. मग उठला, टाय सरळ केला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. एका बाजूला जागा सोडून. सहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. वऱ्हाडातली सात-आठ माणसं उठून बाहेर गेली. आबा गेले नाहीत.

ब्रदर विजयानंद माईकची वायर गुंडाळायला लागले होते. मी म्हटलं, “ब्रदर, गाणं तुम्हीच म्हणा. त्याला दीक्षा लागत नाही.” माणूस क्षणभर गोंधळला. पण त्यांनी म्हटलं, आणि खोटं का बोलू, सुंदर म्हटलं.

लग्न मी लावलं. घाईत लावलं, पण एक शब्द गाळला नाही. अंगठ्या झाल्या, क्रूसाचं मंगळसूत्र झालं, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. सहा त्रेपन्न.

मग रजिस्टर वेदीच्या कठड्यावर उघडलं. विल्सननं सही केली, एस्तेरनं केली. मी माझी सही केली. लग्नाच्या रजिस्टरातली माझी पहिली सही, आणि शाळेत बारा वर्षं सह्या करून हात बसलेला असूनही ती वाकडी आली.

सगुणाबाई शेजारी येऊन उभी होती. शाई वाळेपर्यंत तिनं त्या ओळी वाचल्या. मग खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “आता हितं माजं बी लिव. साल, तारीख, समदं ध्यानात हाय. तू तर हुतीस तिथं. तू पायलंस.”

मी पाहिलं होतं. दोनशे जणांसमोर मी आत्ताच ते सांगितलंही होतं. त्या कागदावर चार ओळी लिहायला मला दोन मिनिटं लागली असती आणि त्या बाईचं मी तेवढं देणं लागत होते. देवाला ठाऊक आहे, लिहावं असं माझ्या मनात आलं.

“नाही लिहिता येणार,” मी म्हटलं. “ते मी लावलेलं नाही.”

तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिनं दिल्या नाहीत. त्या रिकाम्या जागेवरचं बोट उचललं.

“बरं,” ती म्हणाली. “मंग साक्षीदार कोन लागतंय?”

“दोन जण लागतात. कोणीही चालतं.”

“पेन दे.”

मी पेन दिलं. इथे एक सांगायला हवं. नवऱ्याच्या घरून हाकलल्यापासून रेशनकार्डावर, मतदारयादीत, वसतिगृहाच्या हजेरीपटावर, सगळीकडे ती बापाच्या नावानं होती. सगुणा गंगाराम पाटोळे. कागद नाही म्हणून कुठल्याही ऑफिसनं तिला नवऱ्याचं नाव लावू दिलं नव्हतं. हे मला नंतर एस्तेरनं सांगितलं.

तिनं पेन मुठीत घट्ट धरलं, कठड्यावर वाकली आणि साक्षीदाराच्या रकान्यात, एकेक अक्षर सुटं काढत, लिहिलं: सगुणा योहान बोर्डे.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मुलाकडच्यांची. म्हणून आबा आले होते. त्यांनी चष्मा लावला, वरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

“बाई, हे नाव चालंल का?”

“साक्षीदार आपलं नाव आपल्या हातानं लिहितो,” मी म्हटलं. “त्यात बोलायचा पाळकाला अधिकार नाही. पंचालाही नाही.”

सात वाजायला चार मिनिटं कमी होती. आबांनी टोपी काखेत धरली, सगुणाबाईच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या नावाखाली आपली सही केली.

त्या पानाची नक्कल नियमाप्रमाणे सरकारात गेली. त्याला आता वीस वर्षं झाली. आजवर कोणी ती परत पाठवलेली नाही.